पॅट्सी क्लाइन आणि फोर स्टारचा करार : एका गायिकेच्या पहिल्या सहा वर्षांचे प्रकरण

30 सप्टेंबर 1954 रोजी पॅट्सी क्लाइन या 22 वर्षांच्या गायिकेने कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील फोर स्टार रेकॉर्ड्स या कंपनीच्या करारावर सही केली आणि पुढची सुमारे सहा वर्षे ती त्या कराराने बांधली गेली. या काळात तिने कंपनीसाठी 51 गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांतले लोकांच्या तोंडी बसलेले गाणे एकच. करार संपल्यावर टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात, आधीच्याच निर्मात्याच्या हाताखाली झालेल्या पहिल्याच सत्रातले एक गाणे अमेरिकेतील कंट्री या ग्रामीण वळणाच्या संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. गायिका तीच, निर्माता तोच, आणि तरी आधीच्या व नंतरच्या फळात इतके अंतर, असे उदाहरण सहसा हाती लागत नाही. म्हणून या सहा वर्षांकडे यशाआधीची धडपड म्हणून पाहण्यापेक्षा एका विशिष्ट व्यवस्थेचा परिणाम म्हणून पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

पॅट्सीचे मूळ नाव व्हर्जिनिया पॅटरसन हेन्सली. तिचा जन्म 8 सप्टेंबर 1932 रोजी व्हर्जिनिया राज्यातील विंचेस्टर या सफरचंदांच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावी झाला. वडील सॅम लोहारकाम करत आणि आई हिल्डा शिवणकाम करत असे. तीन भावंडांत पॅट्सी थोरली. ती 15 वर्षांची असताना वडील घर सोडून गेले, शाळा सुटली आणि ती औषधांच्या दुकानातील शीतपेयांच्या काउंटरवर काम करू लागली. संगीताचे रीतसर शिक्षण तिला मिळाले नाही. स्वरलिपी तिला वाचता येत नव्हती, पियानो ती ऐकून ऐकून वाजवायला शिकली होती. 13 व्या वर्षी घशाचा संसर्ग आणि संधिवाताचा ज्वर यांनी तिला अंथरुणाला खिळवले. त्या दुखण्यातून उठल्यावर आपला आवाज एकदम भरदार झाला, असे ती पुढे सांगत असे. वैद्यकीयदृष्ट्या त्यात कितपत तथ्य आहे हा वेगळा प्रश्न, परंतु किशोरवयातच तिचा आवाज प्रौढ आणि घुमणारा होता हे निश्चित.

गावातल्या डब्ल्यूआयएनसी या रेडिओ केंद्रावर आणि आसपासच्या क्लबांत गाताना तिचे नाव हळूहळू पसरले. दिवसा दुकानात काम, रात्री उशिरापर्यंत गाणे आणि आईने शिवलेला झालरींचा काऊगर्ल पोशाख, असा तो क्रम होता. 1948 मध्ये तिने नॅशव्हिलला जाऊन चाचणीही दिली. मात्र तिथे राहण्याजोगे काही हाती लागले नाही आणि ती परत आली. 1952 मध्ये मेरीलँडमधील बिल पियर याच्या वाद्यवृंदात ती गाऊ लागली. पॅटरसन या मधल्या नावावरून ‘पॅट्सी’ हे नाव त्यानेच सुचवले, आणि 1953 मध्ये जेराल्ड क्लाइन याच्याशी झालेल्या विवाहामुळे ‘क्लाइन’ हे आडनाव आले. पुढे वॉशिंग्टन परिसरात कॉनी बी. गे याच्या ‘टाउन अँड कंट्री’ या कार्यक्रमांतून ती नियमितपणे दिसू लागली. म्हणजे करारावर सही करणारी ही मुलगी नवशिकी नव्हती. रोजच्या श्रोत्यांसमोर कस लागलेली ती व्यावसायिक गायिका होती. मात्र तिची कीर्ती रेडिओ केंद्राच्या टप्प्यापलीकडे जात नव्हती. त्या टप्प्यापलीकडे नेणारे साधन एकच होते, ते म्हणजे ध्वनिमुद्रिका. आणि ती काढायला तयार असलेला माणूस होता फोर स्टारचा मालक बिल मॅकॉल. अडलेल्याने अटी घालायच्या नसतात, हा व्यवहार तिला ठाऊक असणारच.

या कराराची बहुधा एकच बाब सांगितली जाते, ती म्हणजे तिला मिळणारे स्वामित्वधन (रॉयल्टी). ते 2.34 टक्के होते, म्हणजे त्या काळच्या प्रचलित दराच्या साधारण निम्मे. त्यातूनही ध्वनिमुद्रणाचा खर्च वळता केला जाई. हा अन्याय होताच. मात्र या प्रकरणाचे मर्म दुसऱ्या अटीत आहे : पॅट्सीने कोणती गाणी गायची हे मॅकॉल ठरवणार होता आणि ती प्रामुख्याने त्याच्या स्वतःच्या प्रकाशन संस्थेच्या मालकीची असणार होती.

ही अट का घातली गेली हे समजण्यासाठी गाण्याचा पैसा कसा वाटला जातो ते पाहावे लागेल. प्रत्येक ध्वनिमुद्रिकेतून दोन वेगवेगळे प्रवाह निघतात. एक गायकाकडे जातो, तो विक्रीच्या किमतीवरील टक्केवारीच्या रूपात. दुसरा गाण्याच्या मालकाकडे, म्हणजे गीतकार-संगीतकार आणि प्रकाशक यांच्याकडे जातो, आणि तो दर गाण्यामागे ठरलेल्या रकमेच्या रूपात मिळतो. अमेरिकेत 1909 च्या कायद्याने ही रक्कम दर प्रतीमागे 2 सेंट ठरवली होती आणि ती 1978 पर्यंत बदलली नाही. सर्वसाधारण प्रथेप्रमाणे त्यातला निम्मा हिस्सा प्रकाशकाचा आणि निम्मा रचनाकाराचा असे. फोर स्टारमध्ये प्रकाशक मॅकॉलच होता. शिवाय अनेक गाण्यांवर रचनाकार म्हणून डब्ल्यू. एस. स्टीव्हन्सन असे नाव छापलेले दिसते. ते मॅकॉलचेच टोपणनाव होते. म्हणजे खरा रचनाकार एकच असला, तरी कागदोपत्री त्याच्या हिश्शाचीही वाटणी होई.

केवळ कल्पना यावी म्हणून एक साधा हिशेब मांडतो. तबकडीची किंमत 1 डॉलर धरली, तर पॅट्सीच्या वाट्याला 2.34 सेंट येतात आणि त्यांतून खर्च वजा होतो. तबकडीच्या दोन्ही बाजूंना फोर स्टारचीच गाणी असली आणि दोन्हींवर स्टीव्हन्सनचे नाव अर्धा रचनाकार म्हणून असले, तर कायदेशीर कमाल दराने 4 सेंट गाण्यांच्या मालकीपोटी येतात. त्यांतले 2 प्रकाशक म्हणून आणि 1 सहरचनाकार म्हणून, असे 3 सेंट मॅकॉलकडे जातात. ते सुद्धा कोणताही खर्च वजा न होता. ज्या आवाजामुळे तबकडी विकली गेली, त्या आवाजापेक्षा गाण्याच्या कागदावरची मालकी अधिक मिळवून देत होती. साहजिकच मॅकॉलच्या दृष्टीने उत्तम गाणे कोणते, तर आपल्या मालकीचे. बाहेरचे गाणे कितीही सरस असले तरी त्यातून येणारा हा प्रवाह दुसऱ्याच्या घरी जाणार होता. या माणसाला दुष्ट ठरवण्याची गरज नाही. व्यवस्थाच अशी होती की त्याचा फायदा आणि गायिकेचा फायदा यांचे रस्ते गाणे निवडण्याच्या क्षणी वेगळे होत.

फोर स्टार ही लहान कंपनी होती, त्यामुळे मॅकॉलने डेका या मोठ्या कंपनीशी व्यवस्था केली. ध्वनिमुद्रण डेकाच्या माणसांनी करायचे, तबकड्या आधी डेकाच्याच कोरल या नाममुद्रेखाली (लेबलखाली) आणि नंतर डेकाच्या नावाने निघायच्या, पण करार आणि गाण्यांचे हक्क फोर स्टारकडेच राहायचे. या व्यवस्थेमुळे पॅट्सीला ओवेन ब्रॅडली हा निर्माता मिळाला, ही तिच्या आयुष्यातली मोठी जमेची बाजू. 1 जून 1955 रोजी नॅशव्हिलमध्ये तिचे पहिले सत्र झाले आणि जुलैमध्ये पहिली तबकडी बाजारात आली. ती चालली नाही. त्यानंतरच्याही चालल्या नाहीत.

अपवाद ठरला तो ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ या गाण्याचा, आणि हा अपवाद नीट तपासण्यासारखा आहे. अ‍ॅलन ब्लॉक आणि डॉन हेक्ट यांचे हे गाणे मुळात के स्टार या लोकप्रिय गायिकेसाठी रचले होते, पण तिच्या कंपनीने ते नाकारले. हेक्टचा फोर स्टारशी संबंध असल्याने ते पॅट्सीकडे आले. तिला ते मुळीच आवडले नाही. हे कंट्री नाही, पॉप आहे, अशी तिची तक्रार होती. अखेर तडजोड झाली : मॅकॉलच्या पसंतीचे हे गाणे तिने गायचे आणि त्याच्या बदल्यात ‘अ पुअर मॅन्स रोझेस’ हे तिच्या आवडीचे, बाहेरचे गाणे दुसऱ्या बाजूला घ्यायचे. नोव्हेंबर 1956 मध्ये दोन्ही ध्वनिमुद्रित झाली.

21 जानेवारी 1957 रोजी ती न्यूयॉर्कमध्ये सीबीएस दूरचित्रवाणीवरील आर्थर गॉडफ्री याच्या नव्या कलावंतांच्या स्पर्धेत उतरली. या कार्यक्रमात प्रत्येक स्पर्धकाला कोणीतरी ‘शोधून’ आणावे लागे आणि नात्यातल्या माणसाला ती भूमिका घेता येत नसे. हिल्डाने आपण आई आहोत हे न सांगताच मुलीला सादर केले. पॅट्सीला आईने शिवलेला काऊगर्ल पोशाख घालून आपल्या आवडीचे गाणे गायचे होते. कार्यक्रमाच्या मंडळींनी दोन्ही गोष्टी नाकारल्या. झगा घालायचा आणि ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ म्हणायचे, असा त्यांचा आग्रह होता. प्रेक्षकांच्या टाळ्यांवर निकाल लागे. ती जिंकली. मागणी वाढू लागली तशी डेकाने 11 फेब्रुवारीला तबकडी घाईने बाजारात आणली, आणि ती बिलबोर्ड या संगीतविषयक साप्ताहिकाच्या कंट्री यादीत दुसऱ्या व पॉप यादीत बाराव्या स्थानापर्यंत गेली. कंट्री गायिकेने पॉपच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचणे ही त्या काळी मोठी मजल होती.

वरवर पाहता ही घटना माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाते. मॅकॉलने निवडलेले गाणे चालले. पॅट्सीचा अंदाज चुकला. कलावंताला हवे ते गाऊ दिले असते तर सगळे सुरळीत झाले असते, अशी सोपी मांडणी म्हणूनच इथे टिकत नाही, आणि ती मी करतही नाही. उलट पुढच्या काळातही पॅट्सीच्या आवडीनिवडीवर विसंबून चालणारे नव्हते, हे खाली येईलच. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. हे गाणे मॅकॉलच्या मालकीच्या साठ्यात आले, ते के स्टारच्या कंपनीने नाकारल्यामुळे. साठ्यात नसते तर कितीही योग्य असले तरी तिच्यापर्यंत पोहोचले नसते. एकदा लागलेल्या या कौलावर व्यवस्था शहाणी ठरत नाही, आणि त्यानंतरच्या तीन वर्षांनी ते दाखवून दिले.

1957 ते 1960 या काळात तबकड्या निघत राहिल्या. रॉकच्या वळणाची गाणी झाली, हळवी पॉप गीते झाली, भक्तिगीते झाली, जुन्या पद्धतीची यॉडलिंगची, म्हणजे आवाज झटक्याने खालून वर उडवत गायची, गाणी झाली. 1961 पर्यंत त्यांतले एकही कंट्री यादीत चढले नाही. ही गाणी आज ऐकली की आवाजात कुठेही उणीव भासत नाही. ‘थ्री सिगरेट्स इन अ‍ॅन अ‍ॅशट्रे’ हे एडी मिलरचे गाणे घ्या. स्टीव्हन्सन हे नाव त्यावरही आहे. प्रियकरासह बसलेल्या बाईच्या टेबलाशी तिसरी व्यक्ती येऊन बसते आणि राखेच्या थाळीतल्या सिगरेटींची संख्या बदलत जाते, एवढ्यावर ते उभे आहे. कल्पना चलाख आहे. पॅट्सी शब्दांवर घाई न करता, ओळीच्या शेवटी स्वर किंचित खाली सोडत ते गाते आणि त्या चलाखीत खरे दुःख भरते. गाणे मात्र तिच्या भाराखाली वाकते. त्यात क्लृप्तीपलीकडे धरून ठेवण्यासारखे फार काही नाही. या काळातल्या अनेक ध्वनिमुद्रणांचे हेच चित्र आहे : आवाजाला पुरेल इतकी खोली गाण्यात नाही.

या अपयशाची इतरही कारणे दिली जातात आणि ती झटकून टाकण्यासारखी नाहीत. 1956 पासून रॉक अँड रोलने तरुण श्रोते ओढून नेले होते आणि नॅशव्हिलमधील पुष्कळ कलावंतांचे धाबे दणाणले होते. पॅट्सीच्या घरातही उलथापालथ झाली : पहिला विवाह मोडला, सप्टेंबर 1957 मध्ये चार्ली डिक याच्याशी दुसरा झाला, 1958 मध्ये मुलगी झाली आणि काही काळ कामाचा वेग मंदावला. शिवाय ब्रॅडलीलाही तिच्यासाठी योग्य वळण सापडलेले नव्हते. दर सत्रात काहीतरी नवे करून पाहिले जात होते. ही कारणे खरी मानली तरी एक अडचण उरते. रॉकची लाट 1961 मध्ये ओसरून गेली होती असे नाही, कौटुंबिक ओढाताण त्यानंतरही चालूच होती, आणि वळण सापडायला ज्या प्रकारची गाणी लागतात तीच उपलब्ध नसतील तर निर्मात्याने प्रयोग करायचे कशावर? त्याच काळात हार्लन हॉवर्डसारख्या रचनाकारांची ‘हार्टेक्स बाय द नंबर’सारखी भक्कम गाणी इतर गायकांच्या मुखातून यशस्वी होत होती. गाण्यांचा दुष्काळ नव्हता. पॅट्सीच्या वाट्याला येणारा प्रवाह अरुंद होता.

पैशाची चणचण या काळात कायम होती. तबकड्यांतून फारसे येत नसल्याने दौरे आणि कार्यक्रम यांवरच घर चाले. 1959 मध्ये रँडी ह्यूज हा तिचा व्यवस्थापक झाला आणि कार्यक्रमांचे गणित सुधारू लागले. जानेवारी 1960 मध्ये ती ग्रँड ओल ऑप्रीची सदस्य झाली. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरून 1925 पासून चालत आलेल्या या कार्यक्रमाचे सदस्यत्व म्हणजे कंट्री संगीतातली सर्वांत मोठी मान्यता. एका यशस्वी गाण्याच्या पुंजीवर तीन वर्षे काढलेल्या गायिकेला ते मिळते, यावरून नॅशव्हिलमधल्या जाणकारांना तिच्या कुवतीबद्दल शंका नव्हती हे उघड आहे. शंका असलीच तर तिच्या तबकड्यांबद्दल होती.

1960 मध्ये फोर स्टारचा करार संपला आणि तिने थेट डेकाशी करार केला. ब्रॅडली 1958 पासून डेकाच्या नॅशव्हिल विभागाचा प्रमुख होता. आता त्याला शहरातल्या कोणत्याही प्रकाशकाचे गाणे पॅट्सीसाठी निवडता येणार होते. नेमक्या त्याच वर्षी हँक कॉक्रन, हार्लन हॉवर्ड आणि विली नेल्सन हे तिघे रचनाकार नॅशव्हिलमध्ये येऊन स्थिरावत होते. हा योगायोग तिच्या बाजूने पडला हे मान्य करायलाच हवे. जुना करार आणखी दोन वर्षे लांबला असता तर हे तिघे तिच्या दारावरून दुसरीकडे गेले असते.

16 नोव्हेंबर 1960 च्या सत्रात कॉक्रन आणि हॉवर्ड यांचे ‘आय फॉल टू पीसेस’ ध्वनिमुद्रित झाले. हे गाणे ब्रेंडा ली आणि रॉय ड्रस्की या गायकांनी आधीच नाकारले होते. पॅट्सीही त्याला उत्सुक नव्हती. जॉर्डनेअर्स या पुरुषांच्या चौकडीची साथ आपला आवाज झाकून टाकील अशी तिला धास्ती होती. ब्रॅडलीने आग्रह धरला. संथ, डुलता ठेका, मागे हलके पुरुषस्वर आणि पुढे मोकळा सोडलेला एक आवाज, अशी ती रचना झाली. 1961 च्या जानेवारीअखेर तबकडी निघाली, एप्रिलमध्ये कंट्री यादीत शिरली आणि ऑगस्टमध्ये पहिल्या स्थानी पोहोचली. पॉप यादीत ती बारावी आली. त्याच वर्षी तिने विली नेल्सनचे ‘क्रेझी’ गायले, आणि तेही तिला प्रथम पसंत नव्हते.

तीन मोठी गाणी, आणि तिन्हींच्या वेळी गायिकेचा नकार. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत बोलकी बाब हीच आहे. ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ मॅकॉलने लादले आणि ‘आय फॉल टू पीसेस’ ब्रॅडलीने. दोघांनीही तिच्या मनाविरुद्ध निर्णय घेतला. फरक निवडणाऱ्याच्या हितसंबंधात होता. गाण्याची मालकी कोणाकडे आहे याने ब्रॅडलीच्या निवडीत काही बदल होणार नव्हता, म्हणून तो फक्त आवाजाला काय शोभेल ते पाहू शकला आणि त्यासाठी वाद घालू शकला. तिचे काही गाणी नाकारणे आणि त्याचे आग्रह धरणे हा दोन जाणत्या माणसांमधला निरोगी झगडा होता. मॅकॉलच्या वेळी तो झगडा गाण्याच्या गुणांवर होऊच शकत नव्हता, कारण यादी आधीच ठरलेली असे. नव्या कलावंताच्या करारात टक्केवारीवर घासाघीस होते, ती व्हायलाच हवी. पण गाणे कोण निवडतो आणि त्या निवडीतून त्याला स्वतःला काय मिळते, हे कलम मी टक्केवारीच्या आधी वाचेन. कमी टक्केवारीने पॅट्सीचे उत्पन्न घटले. या कलमाने तिची वर्षे गेली.

आणि वर्षे तिच्याकडे थोडीच होती. डेकासाठीचे तिचे शेवटचे सत्र फेब्रुवारी 1963 मध्ये झाले. 5 मार्च 1963 रोजी कॅन्सस सिटीतील एका मदतनिधीच्या कार्यक्रमावरून परतताना टेनेसीतील कॅम्डेनजवळ विमान कोसळून ती, विमान चालवणारा रँडी ह्यूज आणि सोबतचे दोन गायक ठार झाले. ती 30 वर्षांची होती. आज तिचे नाव ज्या गाण्यांमुळे घेतले जाते ती जवळपास सारी नोव्हेंबर 1960 नंतरच्या सव्वादोन वर्षांतली आहेत. फोर स्टारची 51 ध्वनिमुद्रणे मात्र तिच्या मृत्यूनंतरही निरनिराळ्या नावांच्या स्वस्त संग्रहांतून पुन्हापुन्हा बाजारात येत राहिली, आणि ते संग्रह विकत घेणाऱ्याला वेष्टनावर पॅट्सी क्लाइनचे नाव वाचून आत ‘क्रेझी’ असेल अशी आशा वाटे. ते गाणे डेकाचे असल्याने त्यांत नसे.